डोळ्यात अडकलेला सूर्य

टाकेबाईंच्या उजव्या डोळ्यात एक सूर्य आहे. अख्खा नव्हे. वरून, उजव्या कोपऱ्यातून कुणीतरी चावा घेतलेल्या बिस्किटासारखा. डावा डोळा मिटून पांढऱ्या भिंतीकडे बघितलं की तो भिंतीवर दिसतो, करडा, नखाएवढा. कोऱ्या कापडाकडे बघितलं की कापडावर. समोर माणूस उभा असेल तर नेमका त्याच्या नाकावर बसतो आणि तेवढं नाक जातं. त्यामुळे टाकेबाईंचा एक नियम आहे. ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही, त्याच्याशी डावा डोळा मिटून बोलायचं. समोरच्याला वाटतं, बाई डोळा मारतायत. यातून एकदोनदा गैरसमजही झाले आहेत.

हा सूर्य तिथे आला त्याला आता पन्नास वर्षं होतील. तेव्हा टाकेबाई ही दोन वेण्यांची, गुडघे फुटलेली एक पोरगी होती. ग्रहण होतं. मोठी माणसं कामाला गेली होती. ती आणि तिचा दादा पाण्याच्या टाकीवर चढून बसले. दादा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याने दिव्यावर धरून काजळी चढवलेली एक काच आणली होती. काच एक, बघणारे दोन.

"आता माझा नंबर," ती म्हणायची.

"थांब जरा," दादा म्हणायचा.

जरा काही संपेना. शेवटी तिने मनाशी म्हटलं, काच गेली खड्ड्यात. नेम धरताना झाकतात तसा डावा डोळा तळहाताने झाकला आणि मान वर केली.

दुखलं नाही. सगळी मेख तिथेच आहे. चटका बसला असता तर तिने हात मागे घ्यावा तसा डोळा मागे घेतला असता. पण काहीच झालं नाही, म्हणून ती बघत राहिली. चांगलं पोटभर बघितलं. संध्याकाळी आई समोर येऊन बसली तेव्हा आईच्या कपाळाचा एक तुकडा जागेवर नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं, आतला पडदा भाजलाय. भाजलं ते भाजलं. दादाने मार खाल्ला. तो मार पुरेसा नव्हता, असं त्याला पन्नास वर्षं वाटत आलं आहे.

गोदीच्या मागच्या रस्त्यावर, दोरखंडांचं दुकान आणि इंजिनं दुरुस्त करणाऱ्याचा गाळा यांच्या मधे टाकेबाईंचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन दणकट मशिनं, दार काढून केलेलं वाटावं असं एक टेबल, आणि मागे उघडं अंगण. ताडपत्र्या, होड्यांवरची झाकणं, दुकानांसमोरची छतं, सगळं इथे शिवलं जातं. नवरा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. वर्षातून दोनदा घरी येतो आणि पाहुण्यासारखा संकोचून राहतो. त्यामुळे घर आणि कारखाना दोन्ही बाईंच्याच हातात. सुईत दोरा ओवायचा डाव्या डोळ्याने, माप घ्यायचं डाव्याने, टीप सरळ गेली का ते बघायचं डाव्याने. उजवा डोळा कामावर येतो, पण नुसता हजेरी लावायला.

ताडपत्रीला माफी नसते. सुती कापडावरची चुकलेली टीप उसवता येते, पाण्याचा हात फिरवला की भोकं मिटून जातात. ताडपत्रीत सुई एकदा घुसली की भोक कायमचं. त्यातून पाणी येणारच. म्हणून टाकेबाई मशीन चालू करण्याआधी कापड दोनदा मांडून बघतात. मदतीला येणाऱ्या बायकांना सांगतात, नवऱ्याशी भांडून आली असशील तर आज मशीनवर बसू नकोस, घड्या घाल.

दादा त्याच गोदीत क्रेन चालवतो. उंचावरच्या केबिनमध्ये बसतो. खालचं ओझं त्याला पुष्कळदा दिसतही नाही, कारण ते जहाजाच्या पोटात असतं. खाली एक माणूस उभा राहून हाताने खुणा करतो. बोट वर गोल फिरलं की उचल. तळवा खाली की सोड. मूठ म्हणजे थांब, मग काहीही होवो. "क्रेनवाल्याने ओझं बघायचं नसतं," दादा सांगतो, "हात बघायचा असतो." इतक्या वर्षांत त्याने एक खोकं आपटलेलं नाही. गोदीत त्याचं नाव आहे. त्याला मात्र त्या नावाचं काही वाटत नाही. एक ओझं आपल्या हातून पडलं, ते टाकीवरच, आणि त्यानंतरची सगळी न पडलेली ओझी मिळून त्याची भरपाई होत नाही, असा त्याचा हिशेब आहे.

म्हणून ग्रहणाच्या दिवशी दादा रजा काढतो. बहिणीकडे पत्त्यांचा जोड घेऊन येतो. खिडक्या लावतो, पडदे ओढतो, दिवा लावतो आणि पिसायला घेतो. ग्रहण सुटेपर्यंत उठायचं नाही. टाकेबाईंच्या आयुष्यातली पुढची सगळी ग्रहणं अशी पत्त्यांत गेली. दरवेळी दादा हरतो. तो मुद्दाम हरतो की काय, अशी त्यांना शंका होती. पण वहिनी म्हणाली, छे हो, त्याला खरंच येत नाही.

ही व्यवस्था अशीच चालली असती. पण लेकीने एका रविवारी चहाच्या वेळी विषय काढला. लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. लोक म्हणतात, आईमुळे ती त्या धंद्यात गेली. ती म्हणते, पगारामुळे. तिने सांगितलं की आपल्या किनाऱ्यावर लागोपाठ दोन ग्रहणं येतायत. पहिलं थंडीच्या तोंडावर, खंडग्रास. सूर्याचा बराचसा भाग झाकला जाईल. दुसरं त्याच्या पुढच्या वर्षी. ते खग्रास. चंद्राची सावली समुद्रावरून येणार आणि थेट आपल्या धक्क्यावरून जाणार. एकाच गावाला असं लागोपाठ मिळणं म्हणजे लॉटरीच.

"आणि त्या दुसऱ्याला," लेक बिस्किट बुडवत म्हणाली, "सूर्य पूर्ण झाकला गेला की तेवढा वेळ नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. उलट चष्मा लावला तर काहीच दिसत नाही."

दादाने कप खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

"मामा, मी काय म्हणते ते तरी..."

"पत्ते मी आणीन," दादा म्हणाला. त्याच्या लेखी विषय संपला.

 टाकेबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. डावा डोळा मिटलेला होता. लेकीला ती सवय माहीत होती. आई आपला सूर्य बघत होती.

"मला एक कळत नाही," टाकेबाई थोड्या वेळाने म्हणाल्या. "हा असाच आहे. मी नऊ वर्षांची असल्यापासून असाच. अर्धवट खाल्लेला. याचं पुढे काय झालं, ते मी बघितलंच नाही. तू मला टाकीवरून ओढून खाली नेलंस, दादा. सगळ्यांचं ग्रहण त्या दुपारी सुटलं. माझं अजून चालू आहे."

दादाने या बोलण्याकडे पाठ केली आणि कप धुवायला घेतला. तो कधी कप धूत नाही.

तेव्हापासून टाकेबाईंच्या मागे तो विचार लागला. तक्रार म्हणून नव्हे. त्यांनी डोळ्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. नुसती उत्सुकता. अर्धी सांगून झालेली गोष्ट कुणी मधेच सोडून द्यावी, तशी. तो चावा पुढे कुठवर जातो? मग सूर्य कुठल्या बाजूने परत यायला लागतो? काळा होतो म्हणजे कसा काळा, तव्यासारखा की विहिरीसारखा? लेकीने फोनवर फोटो दाखवले. टाकेबाईंनी ते बघितले आणि म्हणाल्या, हे लग्नाचा अल्बम बघून पोट भरण्यासारखं आहे.

याच दिवसांत त्यांच्या हातून ती चूक झाली.

गोदीत एक होडीमालक आहे. त्याला सगळं लगेच हवं असतं, म्हणून त्याचं नाव पडलं लगेच. या लगेचने होडीवरचं मोठं झाकण शिवायला टाकलं होतं. टाकेबाईंनी तुकडे कापले, मांडले, आणि दुसऱ्यांदा मांडून बघायच्या वेळी त्यांचं मन कुठे होतं ते आता सांगायला नको. त्यांनी होडीच्या नाकाकडचा तुकडा शेपटीच्या बाजूला जोडला. लांबच लांब दुहेरी टीप, एका दमात, एकदम सरळ. इतकी सुंदर टीप त्यांनी वर्षभरात मारली नव्हती. झाकण उलगडल्यावर ते होडीऐवजी एखाद्या फुगलेल्या पाकिटासारखं दिसायला लागलं.

टीप उसवली. तुकडे नीट जोडले. पण जुन्या टिपेच्या जागी भोकांची दुहेरी रांग राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लगेचने झाकण उजेडाकडे धरलं.

"बाई, मी झाकण सांगितलं होतं," तो म्हणाला. "ही चाळण आहे."

त्यांनी त्याला नवं झाकण शिवून दिलं. चाळण मागच्या अंगणात चार दोऱ्यांनी ताणून बांधली. सावली तर पडेल. खाली जुनं टेबल ठेवलं. दुपारी तिथे बसून ताडपत्र्यांच्या कडांना दोरी ओवायच्या रिंगा ठोकता येतात. टेबलावर, फरशीवर उन्हाचे छोटे गोल ठिपके पडायचे, रांगेने. टाकेबाईंना त्यात काही नवल वाटलं नाही. भोकं गोल, म्हणून ठिपके गोल.

थंडीच्या तोंडावरचं पहिलं ग्रहण आलं. दादा पत्ते घेऊन कारखान्यात हजर झाला. लेक दुकानात अडकली होती. त्या दिवशी ग्रहणाचे चष्मे मागायला रीघ लागली होती. पुढचं शटर दादाने ओढून घेतलं. पण आत वीज गेलेली. अंगणात छत होतं, टेबल होतं. दादाने छताकडे बघितलं, सूर्य दिसत नाही याची खात्री केली, टाकेबाईंना सूर्याकडे पाठ करून बसवलं आणि स्वतः समोर बसला. पत्ते वाटले.

दोन डाव झाले. तिसऱ्या डावात टाकेबाईंनी पान टाकायला हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला.

दादाने त्या दिवशी पांढरा शर्ट घातला होता. शर्टावर नेहमीचे ठिपके पडले होते. खांद्यापासून पोटापर्यंत दुहेरी रांग. फक्त ते ठिपके आता गोल नव्हते. प्रत्येकाला एका बाजूने चावा घेतलेला होता. सगळ्यांना एकाच बाजूने, एकाच मापाचा.

"टाक की पान," दादा म्हणाला.

"दादा," टाकेबाई अगदी हळू म्हणाल्या, "तुझ्या अंगाला ग्रहण लागलंय."

दादाने दचकून छातीवर हात झटकले, पाल पडल्यासारखे. ठिपके त्याच्या हातावर आले. त्याने हात पाठीमागे नेला, ते पुन्हा छातीवर. मग त्याने खाली बघितलं. टेबलावर, पत्त्यांवर, राणीच्या तोंडावर, फरशीवर, चहाच्या कपाच्या कडेला, जिथे जिथे छतातून ऊन येत होतं तिथे तिथे छोटे छोटे खाल्लेले सूर्य पडले होते. भोकं गोलच होती. सूर्य खाल्लेला होता.

आता दोघांना एकदमच कळलं की रोज पडायचे ते ठिपके भोकांचे नव्हतेच. इतके दिवस टेबलावर सूर्यच पडत होता. अख्खा होता म्हणून ओळखू आला नाही.

दादा आधी घाबरला. त्याने बहिणीच्या डोळ्यांवर हात ठेवला. तिने तो काढला. आपण खाली बघतोय, फरशी बघतोय, फरशीने कुणाचे डोळे गेलेत का, असं तिने विचारलं. 

मग टाकेबाईंनी डावा डोळा मिटला.

त्यांचा स्वतःचा सूर्य टेबलावर आला, करडा, नेहमीसारखा. बाजूला दुसरे उजळ सूर्य. त्या एकेकाशी त्याला लावून बघू लागल्या. चावा उलट्या बाजूला होता. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून दादाच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या आणि तिथून बघितलं. आता बाजू जुळली. पण चावा अजून लहान होता. त्या थांबल्या. चावा हळूहळू वाढत होता, नखाच्या वाढीइतका हळू आणि तरी डोळ्यांदेखत. पत्ते कुणी उचलले नाहीत. रस्त्यावरून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. अंगणातलं ऊन आजारी माणसाच्या अंगावरच्या रंगासारखं झालं होतं.

"हा," टाकेबाई एकदम म्हणाल्या. त्यांनी खिशातला शिवणकामाचा खडू काढला आणि टेबलावरच्या एका सूर्याच्या कडेने भराभर रेघ मारली. "हा बघ. हाच. इथे मी बघितलं होतं."

दादा वाकून त्या रेघेकडे बघत राहिला. बहिणीच्या डोळ्यात काय आहे, हे त्याने पन्नास वर्षं ऐकलं होतं. दिसलं नव्हतं कधी. केवढं असतं, कसं असतं, त्याने विचारलंही नव्हतं. आता ते त्याच्या समोर खडूने काढलेलं होतं, पिठात बोटाने ओढावं तसं.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच."

"मला वाटायचं..." तो म्हणाला. त्याला काय वाटायचं ते टाकेबाईंना ठाऊक होतं. त्याला वाटायचं, निम्मं जग.

खडूची रेघ जागेवर राहिली. सूर्य सरकला. चावा रेघेपलीकडे गेला, वाढला, कोर उरली, बारीक झाली. मग थबकली. आणि दुसऱ्या बाजूने भरायला लागली. टाकेबाईंनी हे सगळं उभ्यानेच बघितलं. शेवटचा टवका भरून निघाला तेव्हा त्या खुर्चीत बसल्या.

"भरून येतो," त्या म्हणाल्या. "बघ, येतो भरून."

पण हे खंडग्रास होतं. कोर बारीक झाली, विझली नाही. गोष्ट जिथे सगळ्यात गडद व्हायला हवी तिथूनच मागे फिरली होती. टाकेबाईंना ते पुरलं नाही. भूक उलट चाळवली.

पुढच्या वर्षाचं बोलणं त्यांनी थेट दादाशीच केलं, धक्क्यावर, त्याच्या डबा खाण्याच्या सुट्टीत. लेकीला मधे घातलं नाही. त्यांना माहीत होतं, चष्म्याच्या दुकानातलं ज्ञान या माणसाला पटणार नाही. त्याला भीती सूर्याची नव्हती. आपण हजर असताना पुन्हा तेच होईल, याची होती.

त्यांनी त्याला सांगितलं की त्या वर बघणार नाहीत. चष्मा लावूनसुद्धा नाही. सगळा वेळ त्या खाली, छताखालच्या सूर्यांकडे बघतील. वर दादा बघेल, लेकीने दिलेल्या चष्म्यातून. चष्म्यात काहीच दिसेनासं झालं की त्याने त्यांना खूण करायची. मग त्या मान वर करतील. आणि त्याची मूठ दिसली की खाली.

"म्हणजे क्रेन तू," दादा म्हणाला.

"आणि हात तू."

दादाने डब्याचं झाकण लावलं. परत उघडलं. आत काही नव्हतं.

"मी पन्नास वर्षांत वर सूर्याकडे बघितलेलं नाही, छोटे," तो म्हणाला. "ग्रहण नसतानाही नाही. उन्हात टोपी घालतो ती त्याचसाठी."

"माहीत आहे मला," टाकेबाई म्हणाल्या. "टोपी मीच शिवते."

तो हो म्हणाला नाही. पण पुढच्या आठवड्यात वहिनीने सांगितलं, हा माणूस आरशासमोर उभा राहून मुठी वळतोय, काय झालंय याला.

खग्रासच्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर होतं. अमावास्येची मोठी ओहोटी. पाणी लांब गेलेलं, होड्या चिखलात कलंडून बसलेल्या. लगेच आपल्या कलंडलेल्या होडीत उभा राहून घड्याळ बघत होता. ग्रहणही त्याला लगेच हवं होतं. समुद्रावर ढगांची एक पट्टी होती आणि सकाळपासून सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. टाकेबाईंनी चाळण सोबत आणली होती. ती त्यांनी धक्क्याच्या दोन खांबांना आणि दोन बांबूंना बांधली. खाली पांढरी चादर अंथरली. सूर्यांची रांग चादरीवर पडली. गावातल्या आयांनी आपली पोरं तिथे आणून बसवली. टाकेबाई चादरीच्या कडेला, मान खाली घालून. शेजारी दादा, टोपी काढलेली, डोळ्यांवर पुठ्ठ्याचा चष्मा. लेक जरा मागे. तिला सांगितलेलं होतं, मधे बोलायचं नाही.

सूर्य खाल्ले जाऊ लागले. टाकेबाईंच्या गेल्या वर्षीच्या खडूच्या खुणेपर्यंत आले. खुणेच्या पुढे गेले. हवा थंड झाली. ढगांची पट्टी विरून गेली. गोदीतले दिवे आपोआप लागले. पक्षी क्रेनच्या हातावर येऊन गप्प बसले. चादरीवरच्या कोरी दोऱ्यासारख्या झाल्या, मग दोऱ्याच्या सुटलेल्या तंतूसारख्या. टाकेबाईंना वाटलं, समोरून काही येतंय. खाली बघूनही त्यांना ते जाणवलं. समुद्राच्या टोकाकडून अंधार चालत येत होता, पावसाचा असतो तसा, पण आवाज नसलेला.

चादर विझली. एकही सूर्य उरला नाही.

दादाचा हात त्यांच्या नजरेसमोर आला. बोट वर. गोल फिरलं.

टाकेबाईंनी मान वर केली.

तवा नव्हता, विहीरही नव्हती. आभाळाला पडलेलं भोक होतं. सुई घुसून गेल्यावर ताडपत्रीला पडतं तसं, आणि त्याच्या पलीकडून कसलातरी पांढरा उजेड कडेने आत झिरपत होता, केसांसारखा, चारी बाजूंना. आजूबाजूचे लोक आवाज करत होते. त्यांना ते ऐकू आलं नाही. मग त्यांनी जे करायचं ठरवलं होतं ते केलं. डावा डोळा मिटला.

उजव्या डोळ्यातला सूर्य बरोबर त्या काळ्या गोलावर जाऊन बसला. तसाच, खाल्लेला. मापाला माप. आणि त्याच्या बाहेर, सगळीकडून, ते पांढरे केस दिसत होते. या डोळ्याला दिसत होते. भाजलेला तुकडा नखाएवढाच होता. बाकीचा डोळा पन्नास वर्षं पुढच्या भागाची वाट बघत जागा होता.

किती वेळ गेला कोण जाणे. टाकेबाईंना मुठीची आठवण झाली. त्या खाली बघायला लागल्या, दादाचा हात शोधला. हात होता, पण मूठ नव्हती. बोट अजून वरच होतं, हवेत थांबलेलं. दादाने चष्मा काढला होता. तोंड उघडं होतं. तो वर बघत होता. आपण कोण, इथे कशाला आलो, हात कशासाठी वर आहे, यातलं काही त्याला आठवत नव्हतं. बारा वर्षांचा पोरगा टाकीवर बसला होता आणि काच त्याच्याच हातात होती.

टाकेबाईंनी वर नजर टाकली. काळ्या गोलाची एक कड लालसर व्हायला लागली होती. त्या बाजूने येणार होता तो.

त्यांनी चादरीवरची टोपी उचलली आणि दादाच्या डोळ्यांवरून नाकापर्यंत ओढली. स्वतःची मान खाली घातली.

"तुझा नंबर झाला, दादा," त्या म्हणाल्या. "थांब आता जरा."

 चादरीवर पहिली बारीक कोर उमटली, आणि सगळा धक्का ओरडला.

"मूठ राहिली," टोपीतून दादा म्हणाला. "मी मूठ केलीच नाही. छोटे, तू बघत राहिली असतीस तर?"

"तुझा हात बघितला. हलत नव्हता, म्हणून ओझं बघितलं."

दादाचे खांदे हलायला लागले. लेकीला आधी वाटलं, मामा रडतोय. जवळ जाऊन बघितलं तर हसत होता. मग रडलाही. दोन्ही टोपीच्या आतच झालं, त्यामुळे नेमकं कधी काय ते कळलं नाही.

चादरीवरचे सूर्य भरत होते. पोरं बोटांनी त्यांना धरायला बघत होती. टाकेबाई चाळणीच्या दोऱ्या सोडायला उठल्या नाहीत. पहिल्यांदाच त्यांना कसली घाई नव्हती. त्या डावा डोळा मिटून चादरीकडे बघत बसल्या. करडा सूर्य तिथेच होता, खाल्लेला. भरणाऱ्या सूर्यांच्या रांगेत तो एकटाच भरत नव्हता. पण आता तो अडलेला वाटत नव्हता. जिथे खूण करून ठेवली होती त्या पानासारखा वाटत होता.

दादाने टोपी वर केली. डोळे लाल होते. त्याने भाचीला हाताने जवळ बोलावलं, इकडेतिकडे बघितलं, आणि गोदीतल्या माणसाने गोदीतल्या माणसाला चोरट्या मालाबद्दल विचारावं तसं, आवाज उतरवून विचारलं, हे परत कधी आहे.

इथे पुन्हा फार वर्षांनी, लेक म्हणाली, आपल्यापैकी कुणी नसेल तेव्हा. पण दुसरीकडे असतात. दर वर्षा-दोन वर्षांनी कुठे ना कुठे. बरीचशी समुद्रावरच.

दादाने समुद्राकडे बघितलं. मग कलंडलेल्या होडीकडे, जिच्यात लगेच अजून आ वासून उभा होता.

"समुद्रावर," तो म्हणाला. "छोटे, तुझा नवरा कुठल्या जहाजावर असतो म्हणालीस?"